सहा माणसे, चारशे आठ किलो

त्रिलोकेकर साहेबांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली.
सरकारी लिफ्ट-निरीक्षक. खांद्याला खाकी पिशवी,
तीत टॉर्च, गेज, जाड भिंग
आणि रुमालात बांधलेला एक पाव,
जो ते कधी खात नसत.
संध्याकाळी चर्नी रोडच्या पुलाखाली कुत्र्याला घालत.
दुसऱ्या दिवशी नवा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांचं विमान पडलं,
हे मला शिपायाकडून कळलं.
साहेबांना विचारलं, तर म्हणाले,
"पडलं नाही रे. मी सोडलं त्याला.
तोवर ते माझ्याशी नीट वागलं होतं."

सीट उडते तेव्हा मणके एकमेकांवर बसतात.
गिरगावात दामू शिंप्याकडे मापांची जुनी वही होती.
वर्षभरानं हा माणूस परत आल्यावर
दामूनं टेप लावला, वही पाहिली, पुन्हा टेप लावला,
आणि काही न बोलता पाऊण इंच खोडला.
डॉक्टरांच्या बोर्डाला तेच कळायला दोन महिने लागले.
मग कागद आला: उड्डाणास अपात्र.
मग ही नोकरी. तळमजला, गच्ची, तळमजला.

लिफ्टमध्ये पाटी असते: सहा माणसे, चारशे आठ किलो.
म्हणजे माणशी अडुसष्ट.
"वाघ्याहून चालत आलो तेव्हा मी एकोणपन्नास होतो,"
वाळकेश्वरच्या एका इमारतीत वजनं मांडता मांडता ते म्हणाले,
"माझ्यासारखे आठ चढले असते ह्यात."
आणि वहीत सहाच लिहिलं.

तेवढ्यात वीज गेली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये.
जाळीपलीकडे नुसती भिंत,
ओल्या सिमेंटात कुण्या गवंड्यानं बोटानं काढलेला गणपती.
मला घाम फुटला.
साहेब लाकडी बाकावर टेकले, पिशवी मांडीवर घेतली,
जणू दवाखान्यात नंबर लावून बसलेत.

"कोठडी सात पावलांची. तिरकं चाललं तर नऊ.
रात्रीच्या पहाऱ्याला एक पोरगा, अल्लादित्ता,
गाव मुलतानच्याही पुढं. समुद्र पाहिलेला नाही.
म्हणाला, तुम्ही बंबईचे, आवाज कसा असतो त्याचा?
मी तोंडानं करून दाखवला.
हसला. म्हणे, ही तर म्हैस.
मग मी मूठभर कच्चा मसूर मागितला,
जर्मनच्या थाळीत घातला, थाळी हळू कलती केली,
दाणे ह्या काठाकडून त्या काठाकडे.
थांबवले.
परत.
बंदूक भिंतीला टेकवून पोरगा ऐकत बसला.
मग रोज मागायचा. कधी भरती, कधी ओहोटी.
एकदा म्हणाला, आज खवळलेला ऐकवा.
मी म्हटलं, त्याला डाळ जास्त लागते.
दुसऱ्या रात्री घेऊन आला. कुठून, ते विचारलं नाही मी."

वीज आली. लिफ्टनं गचका दिला.
साहेब उठले, वहीत नोंद केली:
ब्रेक समाधानकारक.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
ते सगळं घेऊन आम्ही दोघं चौपाटीवर बसलो.
डोक्यावरून एक विमान सांताक्रूझकडे उतरत गेलं.
मी वर पाहिलं. त्यांनी नाही.
एवढंच म्हणाले, "डावं इंजिन कुरकुरतंय."

मग बराच वेळानं,
"तुला काय ऐकू येतंय?"
"लाटा, साहेब."
"जन्म ठाकूरद्वारचा माझा. ह्याच्याच आवाजात झोपायचो.
आल्यापासून तीस वर्षं इथं बसतोय,
मला थाळी ऐकू येते."

नारळ माझ्याकडे दिला. चपला झाडल्या.
"आणि उद्या ग्रँट रोडच्या त्या लिफ्टचा दोर बघ.
तीन तारा तुटल्यात. लोक चढतायत."